दिव्यांची माळ कां विझते?

दसऱ्याचीं आपट्याचीं पानें वाळतात न वाळतात तोंच घरोघर माळ्यावरच्या पेट्या खालीं उतरूं लागतात. त्यांतून आकाशकंदिलाचा सांगाडा निघतो, पणत्या निघतात, आणि गेल्या वर्षीं घाईघाईनें कोंबून ठेवलेला दिव्यांच्या माळांचा एक गुंता निघतो. तो सोडविण्यांत एक संध्याकाळ जाते. सुटल्यावर पिन बोर्डांत घालून पाहावें तों चार माळांपैकीं दोन लागतात, एक अर्धीच लागते व एक मुळींच लागत नाहीं. अशा वेळीं घरांत दोन मतें पडतात. एक मत म्हणतें, टाकून द्या, नवी कांहीं फार महाग नाहीं. दुसरें मत घरांतल्या एखाद्या उत्साही मुलाचें असतें. तो पकड घेऊन बसतो, गेलेला दिवा कापून काढतो, दोन तारांना पीळ देतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो आणि माळ पेटवून दाखवितो. पहिल्या मतांत पैशाचा अपव्यय आहे. दुसऱ्यांत जिवाला धोका आहे. म्हणून ह्या माळेचें अंतरंग आपण आज थोडें समजून घेऊं.

ही माळ मूळची आपली नव्हे. न्यूयॉर्क शहरीं एडिसनचे एक सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनीं २२ डिसेंबर १८८२ रोजीं आपल्या घरच्या नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लावले, तेथून ही कुळी सुरू झाली. पुढें ती आपल्या दिवाळींत आली, गणपतीच्या मखरांत शिरली, लग्नमंडपावर चढली आणि आतां तर तुळशीवृंदावनाभोंवतींहि फिरते. आपल्या घरांत ती पणतीइतकी जुनी नसली तरी पणतीसारखीच निरुपद्रवी समजली जाते, आणि नेमकें तेथेंच चुकतें.

आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्टांचा. माळेंतला तंतूचा बारीक दिवा, ज्याला लोक तांदुळी दिवा म्हणतात, तो असतो पुष्कळदां ६ व्होल्टांचा. त्याला एकट्याला २३० व्होल्ट दिले तर डोळ्याचें पातें लवायच्या आंत तो जळून जाईल. म्हणून असे चाळीसएक दिवे एकामागें एक, एकाच तारेंत ओंवतात. २३० ला ४० नें भागलें म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला पावणेसहा व्होल्ट येतात आणि सर्व दिवे सुखानें जळतात. आग विझवितांना विहिरीपासून घरापर्यंत माणसें रांगेनें उभीं राहून हातोहात घागर पुढें देतात, तसा हा प्रकार आहे. रांगेंतला एक माणूस निघून गेला कीं त्याच्या पलीकडे पाणी जात नाहीं, व अलीकडचाहि खोळंबतो. माळेंतला एक दिवा गेला कीं सगळी माळ अंधारी होते ती यामुळें. घरांतील इतर दिव्यांचें तसें नसतें. तेथें प्रत्येकाला स्वतंत्र वाट असते, म्हणून स्वयंपाकघरांतला दिवा गेला तरी ओसरीवरचा चालू राहतो.

आतां येथें एक मोठा गैरसमज आहे. "दिवा सहाच व्होल्टांचा आहे, हात लावला तर काय होतें?" असें पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि म्हणतात. दिवा सहा व्होल्टांचा खरा. पण माळ सहा व्होल्टांची नव्हे. माळेंतला एक दिवा काढला म्हणजे प्रवाह थांबतो. प्रवाह थांबला कीं उरलेल्या दिव्यांत दाब खर्ची पडत नाहीं. आणि मग तो संबंध २३० व्होल्टांचा दाब त्या एका रिकाम्या खोबणीच्या दोन टोंकांवर येऊन उभा राहतो. म्हणजे माळ जळत असतांना जी जागा सहा व्होल्टांची, तीच माळ विझल्यावर २३० व्होल्टांची होते. मुलें नेमकीं विझलेल्या माळेंतच बोटें घालतात.

शिवाय बटण बंद केलें म्हणजे वीज बंद झाली, हेंहि खात्रीचें नाहीं. बटण दोन तारांपैकीं एकच तार तोडतें. वायरिंग करणारानें तें फेजच्या तारेऐवजीं न्यूट्रलवर बसविलें असेल, तर बटण बंद, माळ अंधारी, आणि तरीहि तिचा प्रत्येक उघडा सांधा जिवंत, अशी स्थिति होते. माळेची पिन बहुधा दोन बोटांची असते व ती उलटसुलट कशीहि बसते, त्यामुळें माळेच्या कोणत्या टोंकाला फेज आली आहे हें पाहून सांगतां येत नाहीं. यास्तव माझा पहिला व सर्वांत आग्रहाचा नियम असा कीं, माळेला हात लावण्यापूर्वीं पिन बोर्डांतून बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवावी. बटणावर विसंबूं नये. आणि ज्या घरांत पिन नाहीं म्हणून तारेचीं उघडीं टोंकें बोर्डाच्या भोकांत घालून काडेपेटीच्या काड्यांनीं घट्ट करण्याची चाल आहे, त्या घरांतल्या माणसांनीं आजच्या आज बाजारांतून एक पिन आणून बसवावी. ही चाल मीं शहरांतल्या चांगल्या घरांत, पुस्तकांनीं भरलेल्या कपाटाशेजारीं पाहिलेली आहे.

आतां कापून पीळ देण्याच्या दुरुस्तीकडे येऊं. चाळिसांतला एक दिवा वगळला, तर उरलेल्या एकोणचाळिसांना थोडा जास्त दाब मिळतो. फरक डोळ्यांना दिसत नाहीं, उलट माळ जरा अधिक लखलखीत वाटते, व दुरुस्ती करणाराला शाबासकी मिळते. पुढल्या वर्षीं आणखी दोन जातात, तेहि कापले जातात. असे पांच दिवे काढल्यावर राहिले ३५. प्रत्येकाच्या वांट्याला आले ६.५७ व्होल्ट. पूर्वींच्या पावणेसहाच्या मानानें ही वाढ सुमारें १४ टक्क्यांची. चौदा टक्के म्हणजे फारसें कांहीं नाहीं असें वाटेल. परंतु तंतूच्या दिव्याचें आयुष्य दाबाच्या सुमारें बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. तो हिशेब केला तर आयुष्य राहतें जवळजवळ पंचमांश! म्हणून कापून जोडलेल्या माळेचे दिवे पुढें पटापट जाऊं लागतात, आणि दोष दुकानदाराच्या माथीं येतो. परदेशी बनावटीच्या कांहीं माळांत दिव्याच्या पोटांत एक बारीक पोटतार असते; तंतु तुटला कीं ती तार जोडली जाते व बाकीची माळ चालू राहते. सोय चांगली आहे, पण परिणाम तोच. गेलेला दिवा लगेच बदलला नाहीं तर राहिलेल्यांवर भार चढत जातो.

हल्लीं बाजारांत मिळणाऱ्या माळा बहुतेक एलईडीच्या असतात. तंतूच्या माळा राहिल्या आहेत त्या माळ्यावरच्या पेट्यांत. एलईडीमध्यें तंतु नसतो, तेथें एका अर्धवाहक स्फटिकांतून प्रकाश निघतो. तांबड्या किंवा पिंवळ्या दिव्याला सुमारें २ व्होल्ट पुरतात, निळ्या-पांढऱ्याला सुमारें ३ लागतात. निळा दिवा साधणें फार अवघड गेलें होतें. तो साधल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांना २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. एलईडीची वीज फार थोडी व आयुष्य फार मोठें. तरीहि ह्या माळा विझतातच. कारण दिवा क्वचितच जातो, जातात ते त्याचे पाय. स्वस्त एलईडीचे पाय पुष्कळदां लोखंडाचे, वरून कथिलाचा मुलामा दिलेले असतात. एका पावसाळ्यांत मुलामा उडतो, दुसऱ्यांत गंज धरतो, तिसऱ्यांत पाय गळून पडतो. कोंकणांत, समुद्राच्या खाऱ्या हवेंत, हें काम एकाच वर्षांत उरकतें.

एलईडीच्या माळेंतहि दिवे कापून जोडण्याचा परिणाम वाईटच होतो. तेथें दिव्यांच्या जोडीला एक रोधक बसविलेला असतो; दिव्यांनीं घेऊन उरलेला दाब तो सोसतो आणि प्रवाह आंवरून धरतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा कीं दिवे ६०, प्रत्येकाचे ३ व्होल्ट, म्हणजे १८० झाले व ५० रोधकावर राहिले. पांच दिवे कापले तर दिव्यांवर १६५ व रोधकावर ६५. म्हणजे प्रवाह तीस टक्क्यांनीं वाढला! घरांतला दाब सतत उलटसुलट होणारा असल्यामुळें प्रत्यक्ष आंकडे याहून निराळे येतील, पण वाढीची दिशा हीच. रोधक तापतो, त्याची प्लास्टिकची डबी मऊ होते, आणि ती डबी जर कागदी कंदिलाला किंवा झिरमिळ्यांना टेकलेली असेल तर पुढचें सांगावयास नको.

मग दोष शोधावा कसा? प्रथम डोळ्यांनीं. पिन काढून माळ दिवसाच्या उजेडांत सतरंजीवर सरळ पसरावी आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत बोटांनीं चांचपत जावें. तारेचें आवरण कोठें चिरलें आहे, उंदरानें कोठें कुरतडलें आहे, कोठें हिरवट कळंक चढला आहे, दिव्याची कांच कोठें काळवंडली आहे, हें पाहावें. निम्मे दोष येथेंच सांपडतात. रंगीबेरंगी, उघडझाप करणाऱ्या माळेंत एकच रंग विझला असेल तर बहुधा त्या रंगाच्या दिव्यांची ओळ निराळी आहे व दोष त्याच ओळींत आहे असें समजावें. सर्वच विझलें असेल तर आधीं पिनेंतले दोन सांधे पाहावे. माळ ओढून पिन काढण्याच्या संवयीनें ते तुटलेले असतात.

डोळ्यांना सांपडलें नाहीं तर मल्टीमीटर घ्यावा. हें यंत्र आतां महाग राहिलेलें नाहीं, व ज्या घरांत शिकणारीं मुलें आहेत त्या घरांत तें असावेंच. खोबणीतून दिवा निघत असेल अशा तंतूच्या माळेंत एक एक दिवा तपासत बसण्याचें कारण नाहीं. मुलें एक खेळ खेळतात. मनांत धरलेली संख्या "मोठी कीं लहान" असें विचारीत निम्म्यानिम्म्यानें ओळखतात. तीच युक्ति येथें चालते. पिन बाहेरच आहे ना, हें पुन्हां पाहावें. मग मधला, म्हणजे विसावा दिवा काढून त्याला बाजूला ठेवावें व तोहि मीटरवर तपासावा. नंतर मीटरचें एक टोंक पिनेच्या एका बोटाला व दुसरें त्या रिकाम्या खोबणीच्या जवळच्या पत्र्याला लावावें. मीटर वाट दाखवीत असेल तर तो निम्मा भाग निर्दोष. दोष दुसऱ्या निम्म्यांत. मग त्या निम्म्याचा मध्य घ्यावा. चाळीस दिव्यांचा छडा अशा रीतीनें पांच-सहा खेपांत लागतो. पुष्कळदां दोन दिवे एकदमच गेलेले असतात, म्हणून पहिला सांपडल्यावर आनंदानें थांबूं नये. दोन्हीं निमे भाग तपासून घ्यावे.

एलईडीला ही रीत चालत नाहीं, कारण मीटरच्या आंतल्या लहानशा बॅटरीचा दाब पंधरा-वीस एलईडींच्या रांगेला पुरत नाहीं. तेथें दिवे सुटे निघत असतील तर एक सोपी परीक्षा आहे. घड्याळांत किंवा वजनकांट्यांत घालतात ती नाण्यासारखी तीन व्होल्टांची चपटी बॅटरी घ्यावी आणि एलईडीचे दोन पाय तिच्या दोन बाजूंना टेकवावे. लांब पाय अधिक चिन्हाच्या बाजूस. दिवा चांगला असेल तर लागतो. उलट धरला तर चांगला दिवाहि लागत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें; आणि परत बसवितांना दिशा चुकली तर सबंध ओळ विझलेलीच राहते. जेथें दिवे कायमचे डाख देऊन बंद नळींत बसविले आहेत, तेथें घरच्या दुरुस्तीचा नाद सोडावा.

गेलेल्या दिव्याच्या जागीं त्याच व्होल्टांचा व त्याच जातीचा दिवा बसवावा. खोबणींतल्या पत्र्यावर कळंक असेल तर बारीक पॉलिश-कागदानें हलकेंच घांसावा. आमच्या घरांत एकदां ह्या कामाला चिंच पुढें आली होती. चिंच तपेल्याला ठीक. तपेलें नंतर खळखळून धुतां येतें, खोबण धुतां येत नाहीं, आणि आंत राहिलेला आंबटपणा पुढें पत्रा खात बसतो. हीच गोष्ट सिलिकोनच्या लुकणाची. ज्या लुकणाला सिरक्यासारखा वास येतो त्यांतून सुकतांना आम्ल सुटतें व तांबें खराब होतें. म्हणून सांध्यावर बिनवासाचें, उदासीन जातीचें लुकण वापरावें.

तुटलेली तार जोडावयाची असेल तर नुसत्या पिळावर भागवूं नये. तार सोलण्यापूर्वींच तिच्यावर उष्णतेनें आंवळणाऱ्या नळीचा तुकडा ओंवून ठेवावा. ती नंतर ओंवतां येत नाहीं, हें बहुतेकांच्या ध्यानांत सांधा पुरा झाल्यावर येतें. मग टोंकें सोलून, पीळ देऊन, डाख लावून नळी सांध्यावर सरकवावी व तापवून आंवळावी. दोन तारांचे सांधे समोरासमोर न करतां चार बोटें पुढेंमागें करावे, म्हणजे एखादी नळी फाटली तरी ते एकमेकांस भिडत नाहींत. काळी चिकटपट्टी घरांत तात्पुरती चालेल. बाहेर उन्हानें तिचा चीक पाझरतो, पट्टी सुटून लोंबूं लागते आणि आंतलें तांबें उघडें पडतें.

आतां माळ बाहेर टांगण्याविषयीं. येथें आपला मुख्य शत्रु पाऊस. गणपति तर भर भाद्रपदांत येतात, व दिवाळींतहि परतीचा पाऊस कधीं कधीं कंदील भिजवून जातो. दुसरा शत्रु ऊन. त्यांतील अतिनील किरणांनीं तारेचें प्लास्टिक ठिसूळ होतें. म्हणून दिवाळीची माळ त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरवावी. होळीपर्यंत गॅलरींत लोंबत ठेवूं नये. तिसरा शत्रु आपण स्वतः, कारण माळ बांधतों ती लोखंडी कठड्याला, आणि तीहि बारीक तारेनें आंवळून! एका वाड्यांत ऐन गणपतींत दारच्या लोखंडी फाटकाला हात लावला कीं मुलांच्या हाताला मुंग्या येऊं लागल्या. मुलांना मोठी गंमत वाटली. पाळी लावून तीं फाटकाला हात लावूं लागलीं. माळेचें आवरण फाटकाच्या टोंकदार गजावर घांसून कापलें गेलें होतें आणि पाऊस पडत होता. मुलांच्या पायांत रबरी चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर निभावलें.

त्या मुंग्यांचा हिशेब पाहा. ओल्या अंगाचा रोध दीड हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टांनीं सुमारें १५० मिलिअँपिअर प्रवाह अंगांतून जाईल. तीस मिलिअँपिअरच्या वर गेलेला प्रवाह थोडा वेळ टिकला तरी हृदयाला घातक होऊं शकतो. घरांतील साधें एमसीबी सहा, दहा किंवा सोळा अँपिअरच्या पलीकडे पडावयाचें. म्हणजे माणूस चिकटून राहिला तरी त्याला पत्ताहि नाहीं! तें तारांचें रक्षण करण्यासाठीं आहे, माणसाचें नव्हे. माणसासाठीं निराळें साधन आहे. त्यास आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज तितकीच परत आली कीं नाहीं हें तें सतत ताडून पाहतें, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत आढळतांच क्षणार्धांत पुरवठा तोडतें. तें घरांत नसेल तर जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावें, आणि असेल तर त्यावरचें परीक्षेचें बटण सणापूर्वीं एकदां दाबून पाहावें.

कठड्याला माळ बांधावयाची ती सुतळीनें किंवा प्लास्टिकच्या बंदानें, सैलसर. दिव्यांचीं तोंडें खालीं असावींत, म्हणजे खोबणींत पाणी सांचत नाहीं. जोडणीचा बोर्ड घरांतच राहावा, आणि बाहेरून आंत येणारी तार खिडकीशीं एक झोळ देऊन वर घ्यावी. पाणी तारेच्या अंगानें उताराला धांवतें. झोळ असला कीं तें तेथूनच ठिबकून जातें, नसला तर सरळ बोर्डांत शिरतें.

नवी माळ घेतांना खोक्यावर आयपी ह्या अक्षरांपुढचे दोन आंकडे वाचावे. पहिला धूळ व बोटें यांपासूनचें संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचें. २० असेल तर माळ केवळ घरांतली. ४४ असेल तर शिंतोडे सोसते. ६५ असेल तर पाण्याचा फवाराहि सोसते. भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचें चिन्हहि पाहावें. एलईडीच्या माळांना ही नोंदणी सक्तीची आहे, तरी बिनचिन्हाचा माल दिवाळीच्या सुमारास पदपथांवर ढिगांनीं दिसतो. माझें मत विचाराल तर ज्या घरांत लहान मुलें आहेत त्या घरीं बाहेरसाठीं अडॉप्टरवर चालणारी कमी व्होल्टांची माळ घ्यावी. अडॉप्टर घरांत राहतो, बाहेर जातात चोवीस-तीस व्होल्ट. चार पैसे अधिक पडतात, ते पडूं द्यावे.

सण झाल्यावर माळ उतरवून कोरड्या फडक्यानें पुसावी, एक दिवस सावलींत वाळवावी, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळावी. कोंपर आणि पंजा यांच्याभोंवतीं आंवळून गुंडाळण्याची रीत दोरीला योग्य; तारेला तीच जागा रोज मोडल्यासारखी होते. पुठ्ठ्यावर शाईनें लिहावें: दिवे किती, व्होल्ट किती, माळ कोठली. पेटी पत्र्याची असावी, उंदीर शिरत नाहीं. जी माळ खरोखरच निकामी झाली असेल तिचे चांगले दिवे काढून एका डबींत ठेवावे, आणि तार विजेच्या निरुपयोगी वस्तु घेणाऱ्याकडे द्यावी. तांबें काढण्यासाठीं ती शेकोटींत घालूं नये. त्या प्लास्टिकच्या धुरांत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, आणि शेकोटीभोंवतीं बसलेलीं माणसें ती छातींत घेतात.